केशवनं अंगावर घेतलेली चूक

केशव गेल्याची बातमी मला चिखलीहून येणाऱ्या दूधवाल्यानं दिली. किटली खाली ठेवत तो म्हणाला, "तुमचा जुना मिस्त्री गेला की हो... परवा." म्हणजे सगळं उरकलंही होतं. मला कुणी कळवलं नाही. कळवावं असं मी काही शिल्लक ठेवलंच नव्हतं.

चिंचवडला मुंबई रस्त्यालगत माझं मोटारदुरुस्तीचं वर्कशॉप. पाटीवर नाव माझं, आत हात केशवचा. शेतकऱ्याचा हा मुलगा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी गाड्या दुरुस्त करत तयार झाला होता. सात वर्षांपूर्वी पुण्याच्या एका लाकूडव्यापाऱ्यानं शर्यतीसाठी आपली मोटार आमच्याकडे दिली. इंजिनाची ताकद वाढवून हवी होती. सगळं जुळत आलं आणि इंजिनावर हेड, म्हणजे वरचं झाकण, बसवायच्या वेळी केशव अडून बसला. "बोल्ट नको, स्टड घालू, दोन्ही टोकांना आटं असलेली सळई. खालचा ब्लॉक नरम ॲल्युमिनियमचा हाय. बोल्ट आवळताना ब्लॉकमधीच फिरतो, आटं खातो. स्टड एकदा बसला की हलत न्हाई, वर निस्ता नट फिरतो. ताण सारखा पडतो, राव." स्टड लेथवर करून घ्यायला चार दिवस हवे होते आणि शर्यत रविवारी होती. त्यातच तो तापानं पडला... शुक्रवारी मी जुनेच बोल्ट आवळून इंजिन बंद केलं. दिलेला शब्द मोडायचा नाही, असं तेव्हा स्वतःला बजावलं.

रविवारी अंगात कणकण असतानाही केशव शर्यतीच्या जागी आला. बॉनेट उघडताच त्याला बोल्ट दिसले. "गाडी सोडू नका," तो हळूच म्हणाला. मी म्हटलं, "काही होत नाही." तिसऱ्या फेरीला गाडी वाफा टाकत परतली. केशव बॉनेट उचलून वाकला, तेवढ्यात एक बोल्ट आट्यांसकट उपटून आला, हेड उचललं गेलं आणि उकळतं पाणी त्याच्या उजव्या हातावर उसळलं.

गाडीचा मालक ओरडत आला, "हे बोल्ट घातले कुणी?"

केशव हात पोटाशी धरून म्हणाला, "मी."

दवाखान्यात मी विचारलं, असं का केलंस? "वर्कशॉप तुमच्या नावावर हाय. नाव गेलं तर दोघं बी उपाशी." जखम भरली, पण बोटं वळेनात. पाना हातात ठरेना. काही महिन्यांनी तो यायचा थांबला आणि मी बोलावणं धाडलं नाही. वर्कशॉप छान चाललं. अशा इंजिनांना पुढे मी स्टडच घातले.

दिवसकार्य झाल्यावर चिखलीला गेलो. केशवच्या बायकोसमोर बसून सगळं सांगितलं.

"म्हंजी... ते बोल्ट त्यांनी न्हाई घातलं?"

"नाही, वहिनी. मी घातले."

"भाऊजी, सात वर्सं मी त्यास्नी टाकून बोलले. सोताच्या चुकीनं हात घालवलासा म्हणून. एकदा बी उलटून बोलले न्हाईत वो..."

त्या उठल्या. खुंटीवर केशवचा खाकी सदरा होता. "बोटं वळंनात तवापासून रोज सकाळी बटणं मीच लावून द्यायची," त्या म्हणाल्या. सदरा मांडीवर घेऊन त्या वरपासून एकेक बटण लावू लागल्या. शेवटचं लागलं, तरी त्यांनी तो खाली ठेवला नाही.