चेटकिणीचं काम

शिरपूरला आमच्या गल्लीत तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी होती. कोणाचंही पोर रडलं की ते तिच्या कडेवर जाई. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिने आजारी राजपुत्राला बरं करणाऱ्या भल्या चेटकिणीचं काम केलं. पाहुण्या पुढाऱ्यांनी स्त्रीशक्तीवर लांबलचक भाषण ठोकून तिला स्टीलचा डबा दिला.

त्यानंतर ती तापलेल्या पोरांच्या कपाळावर हात ठेवून नाटकातला मंत्र म्हणे आणि विचारी, "गया ना ताप?" ताप औषधाने जाई, श्रेय मंत्राला मिळे. कोणाची तक्रार नव्हती.

पावसाळ्यात समोरच्यांचं तान्हं बाळ जुलाबाने गेलं. ते सदा तिच्याच कडेवर असे. थोड्याच दिवसांत शेजारच्या अक्कांनी तिच्या हातातून आपला नातू ओढून घेतला. "हात नको लावू मना पोरले. डाकीण शे तू!"

चेटकिणीला टाळ्या मिळतात; डाकीण ठरलेल्या बाईला आमच्याकडे गाव सोडावं लागतं. मी म्हणालो, "अक्का, बाळ जुलाबाने गेलं."

"भाऊ, तुमले पोरसोर शेत का?" अक्कांनी विचारलं. मला नव्हती.

पुढे ती मुलगी अक्कांच्या ओट्यावरच्या पाळण्यासमोरून जाताना डोळ्यांवर हात धरू लागली. एकदा मी विचारलं, "डोळ्यात काही गेलं का गं?"

"नही भाऊ," ती हळूच म्हणाली. "मी देखं तर त्याले काही व्हई जाई."