पांढऱ्या मातीची खाण
माती धाडकन खाली बसली आणि माझी धाकटी जाऊ दिसेनाशी झाली. दसऱ्याला भिंती पोतारायला गावाबाहेरच्या खाणीतून आम्ही पांढरी माती काढत होतो. मऊ माती खालच्या थरात असते, म्हणून बायका आत कोरत जातात. जाऊ अंगानं बारीक, तेव्हा आत शीर असं मीच तिला सांगितलं होतं. तिचा नवरा, माझा दीर, फौजेतून सुट्टीवर आलेला. सकाळीच म्हणाला होता, "वैनी, आमच्याकडं सरहद्दीवर नवा बर्फ खालच्या जुन्या थराला धरत न्हाई, घसरतो अन् माणसं गाडतो. तुमच्या खाणीवर बी पावसाची ओली माती बसलीय." मी म्हटलं, "बर्फाचं कवतिक तिकडंच ठेवा भाऊजी, आमची माती कुठं पळत न्हाई." तरी तो काठी घेऊन आमच्यामागं खाणीवर आला होता. आता मी खोरं उचललं तर तो ओरडला, "टाका ते! डोकं फुटंल तिचं!" बर्फात माणूस शोधतात तशी तो काठी हळूहळू खुपसत गेला. एका जागी काठीला मऊ लागलं. तिथं आम्ही दोघांनी हातांनी उकरलं, आधी तिचं नाक-तोंड मोकळं केलं. जाऊ खोकली, पांढरं थुंकली आणि म्हणाली, "अक्का, रडायलाव कामून? टोपली भरली का न्हाई?" मी म्हटलं, "भरली. तू मेली असतीस तर भिंती कुणी पोतारल्या असत्या?" काल नातीनं चुलीमागं पांढरी माती लावली, त्या ओल्या वासानं इतक्या वर्षांनी हे आठवलं. दीर नोकरी पुरी करून घरी आला आणि म्हातारा होऊन गेला. जाऊ अजून आहे, माझ्या शेजारी बसून सुपारी कातरतेय.