बाबांच्या आवाजाचं भाडं

आमच्या बाबांचा आवाज भाड्याचा होता, ही गोष्ट ताईच्या लग्नापर्यंत घरात फक्त मला माहीत होती.

मला सहसा राग येत नाही. आला तरी मी आधी समोरच्याची बाजू समजून घेते, मग स्वतःची चूक शोधते, आणि ती सापडेपर्यंत राग निघून गेलेला असतो. (कॉलेजात पहिल्या वर्षी माझी हजेरी दुसऱ्याच मुलीच्या नावावर लागत होती. मी तीन महिने गप्प बसले. वाटलं, तिला जास्त गरज असेल.) पण ज्या कंपनीबद्दल लिहिते आहे तिच्यावरचा राग काही जात नाही. तांदूळ निवडताना येतो, भंडाऱ्याच्या बसमध्ये उभी असताना येतो, एकदा तर परीक्षेत पेपर लिहिता लिहिता आला आणि एक प्रश्न सुटला.

आमचं गाव मोहाडीजवळ. बाबा धानाची शेती करतात आणि गावातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं म्हणतात. म्हणजे म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना घशाचं दुखणं झालं, आवाज बसला आणि परत उठलाच नाही. बोलणं ठीक आहे, पण वरच्या सुरात गेले की हवा धरलेल्या मोटरपंपासारखा आवाज येतो. ताईचं लग्न जमलं त्या दिवशी सगळे आनंदात होते आणि बाबा एकटेच ओसरीवर बसून होते.

“साऱ्या गावच्या पोरींचे मंगलाष्टकं म्या म्हटले,” ते म्हणाले. “माह्या पोरीचे कोन म्हनन?”

घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे विजेवर चालणारी कोणतीही गोष्ट मला दुरुस्त करता येते, असा घरचा समज आहे. मी म्हणाले, “बाबा, आपण रेकॉर्ड करू. आवाज मी लॅपटॉपवर नीट करते.”

हे मी सुमेधच्या भरवशावर बोलले. सुमेध माझ्या वर्गातला, जवाहरनगरचा. वडील फॅक्टरीत, आणि हा क्वार्टरच्या मागच्या खोलीत भिंतीला गाद्या बांधून गाणी रेकॉर्ड करतो. त्यानेच मला प्लगइन दाखवला. रेकॉर्डिंगचा मूळ प्रोग्राम फुकट असतो. त्याला जोडायचा हा छोटा प्रोग्राम घोगरेपणा काढतो, सूर सरळ करतो आणि दोन ओळींच्या मधली खुसपूस गाळून टाकतो.

“कितीला घेतलास?” मी विचारलं.

“घेता येत नाही. आधी यायचा. आता महिन्याचं भाडं. पैसे बंद, की प्लगइन बंद.”

“पण तो आपल्या लॅपटॉपमध्ये असतो ना?”

“लॅपटॉपमध्ये असतो. आपला नसतो.” सुमेध असा तापला की हातातली गिटारच त्याने माझ्यापुढे धरली. “हिनं कधी म्हटलं का, एक तारीख आली, आता तारा वाजणार नाहीत? असे पाच घेऊन बसलो आहे यार मी. महिनाभर एक गाणं केलं नाही, तरी पाच जणांचं भाडं चालूच. आणि सोडता येत नाही. सोडले की मागची सगळी गाणी उघडल्यावर तोंड फिरवतात.”

एकदम किंमत द्यायची असती तर माझ्यासारखीला तो प्लगइन कधी मिळालाच नसता, हेही खरं आहे. (पाहा, घेतलीच ना मी समोरच्याची बाजू!)

घरी मी सांगितलं, “घेतला.” आमच्याकडे भाड्याने आणतात ते मंडप आणि मोठी भांडी, तेही दुसऱ्या दिवशी परत जातं. दर महिन्याला भाडं आणि वस्तू हातात दिसत नाही, हे मी बाबांना कसं समजावणार? आईने तर नवीन वस्तू म्हणून लॅपटॉपच्या पडद्याला हळदकुंकू लावलं. पैसे बाबांच्या खात्यातून कटायचे. मी शिकवणीच्या पैशातून ते परत भरायची आणि बँकेचा मेसेज बाबांच्या फोनमधून पुसून टाकायची. मला वाटायचं, मी फार जबाबदारीने वागते आहे.

रेकॉर्डिंग सुरू झालं. मागच्या खोलीत धानाची पोती रचलेली होती, त्यामुळे आवाज घुमत नव्हता. बाबा पोत्यांच्या मधोमध पाटावर बसायचे. अडचण वेगळीच होती. आमच्याकडे मंगलाष्टकं घरचीच रचतात आणि त्यात दोन्हीकडच्या पाहुण्यांची नावं गुंफतात. ज्याचं नाव राहिलं तो रुसतो. त्यामुळे दर दोन दिवसांनी एक नाव वाढायचं, एक कडवं वाढायचं. साफ केलेल्या आवाजाची शेवटची फाईल काढायची वेळ काही येईना.

दुसरी अडचण म्हणजे बाबा प्रत्येक नावाआधी त्या माणसाविषयी थोडं बोलून घ्यायचे.

आई म्हणायची, “अवो, हळू बोला. पोरगी रेकॉड करून राहिली.”

मीच हसून सांगितलं, “बोलू दे आई. मधलं बोललेलं प्लगइन गाळून टाकतो.”

“सारं गाळते?” बाबांनी विचारलं.

“सारं.”

त्या दिवसापासून बाबा मोकळे झाले. इतके मोकळे झालेले मी त्यांना आयुष्यात पाहिले नव्हते.

लग्नाला दहा-बारा दिवस राहिले असताना बाबा दुपारी मोहाडीहून परत आले ते छाती काढूनच. पाहुण्यांना फोन लावायला त्यांनी फोन सकाळपासून स्वतःजवळ ठेवला होता.

“चोर पकडला,” ते म्हणाले. “इंग्रजी नावाची कोनती तरी कंपनी माह्या खात्यातून पैसे काढून राहिली होती. दर महिन्याले! मेसेज पाह्यला, एक तारखेले अजून कटतीन म्हने, न् सरळ बँकेत गेलो. साहेबाले म्हटलं, बंद करा. कार्डच केलं बंद.”

आई म्हणाली, “बरं झालं बाई. लग्नाच्या घरात असे चोर टपूनच असतात.”

खरं सांगायची वेळ हीच होती. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, “बरं केलं बाबा.”

मी मनाची समजूत घातली. धान एकदा कोठीत पडलं की आपलं. प्लगइन लॅपटॉपमध्ये पडलेला आहे, तो कुठे जाणार? पुढचे आठ-दहा दिवस तो चाललाही. मला वाटलं, सुमेध उगाच घाबरवतो. (तो भरलेल्या भाड्याचे उरलेले दिवस जगत होता, हे मला कुठे ठाऊक!)

लग्नाच्या दिवशी सकाळी नवरदेवाच्या वडिलांचा फोन आला. नवरदेवाचे फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, जानोशात, म्हणजे वऱ्हाड उतरलं होतं तिथे, रुसून बसले होते. मंगलाष्टकात सगळ्यांची नावं आहेत आणि आपलं नाही, हे त्यांना कळलं होतं. नाव नसेल तर मांडवात पाय ठेवणार नाही म्हणत होते. बाबा धोतर नेसता नेसता मागच्या खोलीत आले, पोत्यांमध्ये बसले आणि फुफाजींचं कडवं गायले. अर्थात, त्याआधी थोडं बोलले.

मी प्लगइन उघडला. पडद्यावर एक खोका आला. तुमची मुदत संपली आहे, पैसे भरा.

कार्ड बंद. सुमेधला फोन लावला.

“तुझा प्लगइन माझ्या लॅपटॉपवर चालू कर ना.”

“नाही होत. माझ्या नावावर दोन मशिनी, दोन्ही भरल्या. त्यांना पैसे पाठव.”

“लग्न आहे रे आज.”

“त्यांना काय त्याचं?” सुमेध म्हणाला. “त्यांची एक तारीख आहे.”

तेव्हा मला आयुष्यातला पहिला खराखुरा राग आला. आवाज माझ्या बाबांचा. खोली आमची, पोती आमची. दोन महिने घसा खरवडून तो माणूस आपल्या लेकीसाठी गायला, आणि तो आवाज ऐकायचा की नाही हे ठरवणार कोण, तर ज्यांनी भंडारा जिल्हा नकाशातही पाहिला नसेल असे लोक. मी त्या खोक्याला मोठ्याने “नालायक” म्हणाले. मग कोणी ऐकलं का म्हणून मागे वळून पाहिलं.

बाहेरून हाका सुरू झाल्या. प्लगइन नसला तरी खालचा कच्चा आवाज शाबूत होता. पहिली ओळ लावून पाहिली. घोगरी होती, पण बाबाच होते. मी सगळी कडवी जोडून फाईल काढली, पेनड्राइव्हवर घातली आणि साऊंडवाल्याकडे दिली. पहिल्या ओळीच्या पुढे ऐकायला वेळ नव्हता.

फुफाजी नाव आहे म्हटल्यावर मांडवात आले. अंतरपाट धरला. करवली म्हणून मी ताईच्या मागे पेटता दिवा घेऊन उभी. हा दिवा मंगलाष्टकं संपेपर्यंत खाली ठेवायचा नाही आणि विझू द्यायचा नाही.

पहिलं कडवं छान झालं. सावधान झालं, बँडवाल्याने ढोलावर थाप मारली, लोकांनी अक्षता टाकल्या. बाबांनी डोळे मिटले. आणि स्पीकरमधून बाबांचाच आवाज आला, अगदी निवांत, पाटावर बसलेला:

“आता हे नाकाडोंगरीचे मामाजी. शिडी नेली, थ्याले दोन पोळे झाले. परत आनाचं नावच नाही. आन् याचं नाव म्या गाऊन राहिलो.”

मग आईचा आवाज: “अवो, रेकॉड होते न!”

मग पुन्हा बाबा: “मशीन गाळते थे. पोरीनं सांगतलं.”

आणि लगेच, सुरात, नाकाडोंगरीच्या मामाजींचं गुणगान. सावधान. ढोल. अक्षता टाकायच्या की नाही ते लोकांना समजेना. निम्म्यांनी टाकल्या. मामाजींच्या हातातल्या हातातच राहिल्या.

माझ्या हातात दिवा. मी मानेने खुणा केल्या, डोळ्यांनी केल्या. साऊंडवाला मला पाहून हसला.

“आता इवाई,” स्पीकर नवरदेवाच्या वडिलांकडे वळला. “मानूस देवासारखा हाय. पन जेवाले बसला की उठत नाही. साक्षगंधाले आचारी माह्या तोंडाकडे पाहून राह्यला.”

अंतरपाटाच्या पलीकडून नवरदेवाच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता, हे ताईने नंतर सांगितलं. आतापर्यंत बाबांचे डोळे उघडले होते. ते साऊंडवाल्याकडे धावले. साऊंडवाल्याला वाटलं, आवाज कमी पडतो आहे म्हणून मुलीचे वडील धावत येत आहेत. त्याने वाढवला.

“फुफाजी!” सगळा मांडव हादरला. “मी याले अजून पाह्यलंबी नाही, न् हा रुसून बसला. दाढीमिशीवालं लेकरू हाय.”

बाबांनी वायरच उपटली.

अशी शांतता मी फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये ऐकली आहे. ताईची पाठ थरथरत होती. माझ्यामुळे हिचं लग्न मोडणार, मी मनात म्हटलं, आणि माझ्या हातात दिवा आहे म्हणून मला पळताही येणार नाही.

फुफाजी सावकाश उठले. साठीचे, उंच, भारदस्त गृहस्थ. त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला.

“दाढी करून आलो, इवाई,” ते म्हणाले. “फक्त मिशी हाय.”

आधी नवरदेवाचे वडील हसले, मग सगळा मांडव. मामाजी तेवढे हसले नाहीत. “शिडी तुटली,” ते म्हणाले, “म्हनून आनली नाही.” बाबांनी माइक हातात घेतला आणि शेवटचं कडवं स्वतः म्हटलं. वरच्या सुरात पंपाने हवा धरलीच. सावधान काही निघेना, तेव्हा फुफाजीच जागेवरून सावधान म्हणाले, आणि अंतरपाट दूर झाला.

संध्याकाळी ताई सासरी गेल्यावर बाबांनी विचारलं, “मशीन मेलं होतं का?”

मी सगळं सांगितलं. भाडं, मेसेज, चोर. मला वाटलं, मला रागावतील.

“घसा माहा,” ते म्हणाले, “न् ताला त्याईचा?” मग मांडवाच्या खांबाकडे बोट दाखवलं. “हाबी भाड्याचाच हाय. पन लगीन सुरू असताना मंडपवाला कधी मंडप सोडून नेते का? त्याईले लिही. असं कोनी करत नाही म्हनून लिही.”

लिहिण्याआधी मी सुमेधला झालेलं सगळं ऐकवलं. तो म्हणाला, “मधलं बोलणंच काढायचं होतं ना? माऊसने निवडायचं आणि डिलीट दाबायचं. त्याला प्लगइन लागत नाही. फुकट होतं.” त्यावर मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

मग लिहिलं. तीन रात्री शब्दकोश घेऊन इंग्रजीत लिहिलं, मंडपवाल्यासकट. तुम्ही आमचा आवाज ओलीस ठेवलात, तुम्हाला लाज वाटली पाहिजे, असं स्पष्ट लिहिलं. (सुरुवातीला ‘आदरणीय महोदय’ घातलं, पण ते सवयीने.) चौथ्या दिवशी उत्तर आलं. आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, पुन्हा भाडं सुरू केल्यास पहिले तीन महिने निम्म्या दरात, आपला दिवस आनंदात जावो. खाली पाच रिकामे तारे होते. आमच्या सेवेला किती द्याल?

मला पुन्हा तोच राग आला. एक तारा दाबला. मग वाटलं, उत्तर लिहिणारा पोरगा माझ्यासारखाच कुठल्या तरी गावचा असेल, त्याची नोकरी जायची. तीन केले. तीन बघायला फार तुटक वाटले.

मी पाच दिले, आणि खाली धन्यवादही लिहिलं.