तूर्त वगळलेलं चौथं कलम

ते कलम मी खोडलं. कुणी हात धरला नव्हता. पेन माझं, अक्षर माझं.

मंत्री दौऱ्यावर पौडला आले होते. मी त्याच तालुक्यातला, माले गावचा, मेंढपाळाचा मुलगा. म्हणून आमच्या प्राध्यापक संघटनेची भेट मीच जुळवली. निवेदनही मीच लिहिलं. दर जूनला सरकारचा नवा हुकूम यायचा. कधी वर्ग वाढे, कधी विषय जाई. धोरण निदान पाच वर्षं बदलू नये, ही मुख्य मागणी. चौथं कलम हंगामी प्राध्यापकांचं: विषय गेला तरी माणूस काढू नये.

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात अध्यक्षांनी माझी ओळख करून दिली. "हे आमचे मेंढरांतले एम. ए. वर्ग हाकायला यांना काठी लागत नाही!"

मंत्री हसले. मीही हसलो.

मग अध्यक्ष हळूच म्हणाले, "चौथं तूर्त वगळा. साहेबांना लांबण आवडत नाही. तुम्ही यंदा कायम होताय ना? मग?"

मी रेघ मारली. पट्टी ठेवून, सरळ.

बाहेर सखाराम उभा होता. शेजारच्या नेरे गावचा. चार वर्षं हंगामी, भूगोल शिकवायचा. सायकल मारत आला होता.

"आपलं चौथं वाचलं का रं त्यांनी?"

"वाचलं."

"लई ब्येस झालं गड्या!" त्यानं मला चहा पाजला. मी प्यालो.

जूनमध्ये भूगोल गेला. सखारामला पत्र आलं: "आपली तूर्त आवश्यकता नाही." तोच शब्द. मी कायम झालो.

पुढच्या साली पुन्हा निवेदन. पुन्हा अध्यक्ष. "चौथं तूर्त..."

"खोडणार नाही," मी म्हणालो. "मेंढरं माझ्या बापाची आहेत. सांजेला मोजून आत घेतो आम्ही. एकही तूर्त वगळत नाही."

मग नेऱ्याला गेलो. सखाराम बांधावर होता. सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यानं खुरप्याची माती काढली.

"हितं कशाला माफी मागतुयास? ढेकळं ऐकत्यात व्हय? ज्यांच्यासाठी खोडलंस, त्यांच्याम्होरं बोल."

संघटनेच्या सभेत उभा राहिलो. अध्यक्ष म्हणाले, हा विषय पत्रिकेवर नाही. मी बसलो नाही.

"चौथं कलम मी खोडलं. सखारामशी खोटं बोललो. माझी नोकरी त्या रेघेवर उभी आहे. त्याची आणि सगळ्या हंगामी लोकांची मी माफी मागतो. आता ते कलम पहिलं. खोडायचं असेल, तर आधी माझं नाव खोडा."