कोणत्याही कवितेला चालणारं रसग्रहण

गुरुवारी तासाला न वाचलेली कविता फळ्यावर लिहीन, घंटा व्हायच्या आत रसग्रहण लिहून द्यायचं, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी मुळीच घाबरले नाही. यात नापास होईल त्याला पुढच्या वर्षी स्पेशल मराठी मिळणार नव्हतं, आणि मराठीशिवाय मला दुसरं काही जमतही नव्हतं. पण माझ्याकडे तोडगा होता. कोणत्याही कवितेला चालेल असं एक रसग्रहण मी स्वतः रचून ठेवलं होतं. 'कवितेच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवताच मन हळवे होते' अशी सुरुवात, मधे कवितेच्या नावापुरती मोकळी जागा. गाईडातल्या रसग्रहणापेक्षा ते सरस आहे असा माझा तोरा होता.

गावाकडून केजला, कॉलेजला नेणारी काळीपिवळी जीप माणसं भरेपर्यंत हलत नाही. तेवढ्या वेळात मागच्या सीटवर बसून मी ते मैत्रिणीला सांगितलं. तिनं उतरवून घेतलं, आणखी दोघींना दिलं, आणि बघता बघता ते सगळ्या वर्गाच्या मोबाइलवर गेलं. मुलं मला ताई म्हणायला लागली. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

मंगळवारी सर म्हणाले, "दोन कागदांत सारखी वाक्यं दिसली की दोघांनाही शून्य. मूळ कुणाचं, हे मी शोधत बसणार नाही."

माझी हुशारी माझ्याच मुळावर आली होती. परतताना जीपमध्ये मी मैत्रिणीला म्हणाले, "ते रसग्रहण कुणी लिहू नका. माजं हाय ते."

"मंग दिलं कावून?" ती म्हणाली. "तुला दुसरं सुचंल. आमाला हेच येतंय. आमी काय लिवावं?"

मला राग आला. गाव आल्यावर तिची वाट न बघता मी घराकडे निघाले.

मग घरी तयारी सुरू झाली. वहिनी भाकरी थापायला बसली की मी शेजारी कागद घेऊन बसायची. तिची टोपली भरली की माझा कागद भरलेला पाहिजे, असं ठरवलं होतं. भाच्याच्या पुस्तकातली एखादी कविता काढायची आणि लिहायला लागायचं. हात आपोआप 'उंबऱ्यावर' जायचा. खोडायचं, पुन्हा लिहायचं, पुन्हा उंबरा. शेवटची भाकर तव्यावरून उतरायची आणि माझ्या कागदावर नुसत्या खाडाखोडी. कविता कशी वाटली, असं मी स्वतःलाच विचारायची, तर 'छान' यापलीकडे शब्द निघेना. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? घोकलेलं बाजूला काढलं तर आपल्या आत काहीच नाही, हे कळण्याचं मला लई भ्या वाटत होतं. नापास होण्यापेक्षाही जास्त. बुधवारी मी जेवले नाही. वहिनीनं ताट झाकून ठेवलं.

गुरुवारी सरांनी कविता लिहिली. एक बाई घराला कुलूप लावून गावाला निघते. वाटेतून परत येते, कुलूप ओढून बघते. पुन्हा निघते, पुन्हा परत येते. शेवटी कुलूप हातात धरून तशीच उभी राहते.

सर खाली बसले आणि सगळे पेन एकदम चालू झाले. सगळे काय लिहितायत ते मला पाठ होतं. आपणही तेच लिहावं, सगळ्यांबरोबर बुडावं, असं मनात येऊन गेलं. मी फळ्याकडे बघत राहिले, आणि मग लिहिलं, 'ही बाई घाबरलेली आहे.' इतकं साधं वाक्य रसग्रहणात मी कधी वाचलं नव्हतं. तरी त्याच्यापुढे दुसरं आलं, तिसरं आलं.

शेजारी मैत्रिणीचा कागद कोरा होता. ती कुजबुजली, "पयली ओळ इसरले. सांग की."

मी म्हणाले, "त्या बाईला काय वाटतंय?"

"भ्या."

"मग तेच लिही."

तिनं खाली मान घातली. थोड्या वेळानं मी चोरून बघितलं. तिच्या कागदावर वर लिहिलेलं होतं, 'ही बाई घाबरलेली आहे.' शब्दाला शब्द. माझी ओळ खोडायला अजून वेळ होता, पण ती खोडली तर खालचं सगळंच लटकत राहत होतं. मी पेन उचलला, ठेवला, परत उचलला. तेवढ्यात घंटा झाली.

सरांनी आमच्या बाकावरचे दोन्ही कागद घेतले आणि उभ्या उभ्याच वरच्या ओळी वाचल्या.

"कुणी कुणाचं बघितलं?"

मैत्रीण उभी राहिली.

"कुणीच न्हाई सर. दोघींनाबी भ्या वाटलं."

सरांनी फळ्याकडे बघितलं, शून्य न देताच कागद गठ्ठ्यात ठेवले आणि पुढच्या बाकाकडे गेले. ती खाली बसली. त्या आठवड्यात ती सरांपुढे एवढंच बोलली, आणि ते मी सांगितलेलं नव्हतं.