साधं की भारी?

मास्तर म्हणजे शिंपी. शाळेशी त्यांचा संबंध सातवीतच संपला होता, पण गळ्यात टेप आली की माणूस मास्तर होतो, त्याला कोण काय करणार! हाताला सफाई अशी, की कपडा कुठे उसवला होता ते गिऱ्हाइकालाही सापडू नये. पण प्रत्येकाला एक खोड असतेच, आणि मास्तरांची खोड पेट्रोलपंपावर बाहेर पडायची. पंपावरच्या बाईने "साधं की भारी?" एवढं विचारलं, की यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"तोंडावरून साधा वाटतो का मी?"

"तुमचं नाही हो, गाडीचं विचारतेय!"

गाडी जुनी आणि इवलीशी. पेट्रोलचा काटाही कधीचाच बंद पडलेला. चौथा माणूस बसला की बाकीच्यांनी पोट आत घ्यायचं. मेकॅनिक तर सांगून सांगून थकला होता. "मास्तर, भारी पेट्रोल म्हणजे ताकदीचं नव्हे. ते दाबाखाली लवकर भडकत नाही, एवढंच. मोठ्या, तापट इंजिनांना लागतं ते. हिला काय त्याचं?"

"अस्तर चांगलं असेल तर कपडा अंगावर बसतो. तुला नाही कळायचं," असं म्हणून मास्तर विषय मिटवायचे. आता अस्तराचा आणि पेट्रोलचा संबंध काय, ते एक ब्रह्मदेवच जाणे.

खरं दुखणं वेगळंच होतं. दुखण्याचं नाव साडू. साडूची गाडी लांबलचक, चकचकीत. कुठे जायचं ठरलं की सासरे काठी टेकत बाहेर यायचे, दोन्ही गाड्यांकडे बघायचे आणि मोठीत जाऊन बसायचे. मास्तरांनी अदबीने उघडून धरलेलं दार मास्तरांनाच परत लावावं लागायचं. फार लागायचं हो ते त्यांना. सुरुवातीला एकदा सासरे त्यांच्या गाडीत बसले होते, पण पुन्हा नाहीच. आणखी एकदा, फक्त एकदा त्यांनी आपल्या गाडीत बसावं, एवढीच मास्तरांची इच्छा होती.

त्या रविवारी सासऱ्यांना डोंगरावर बहिणीकडे जायचं होतं. नेहमीप्रमाणे ते साडूच्या गाडीत बसले. मास्तर आणि त्यांची बायको मागे आपल्या गाडीत. वाटेत दोन्ही गाड्या पंपावर थांबल्या. पुढून साडूचा आवाज आला, "साधंच भरा."

"बघ, बघ! बडा घर पोकळ वासा!" मास्तर बायकोला कोपर मारत म्हणाले. मग आपली पाळी येताच छाती फुगवून, साडूला ऐकू जाईल अशा बेताने ओरडले, "भारी! फुल करा!"

पंपाने दोन थेंब सोडले आणि तो खट्कन बंद झाला.

"टाकी भरलेलीच आहे, मास्तर," पंपावरची बाई म्हणाली. "कालच ताई भरून गेल्या. साधं."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायको खिडकीबाहेर बघत होती.

"हे कधीपासून?"

"तुम्ही दुकानातून उठेनात आणि पेट्रोल भरायचं माझ्या गळ्यात आलं, तेव्हापासून. अहो, परवा तुम्हीच म्हणालात ना, भारी पेट्रोलने गाडी कशी लोण्यासारखी चालते?"

मास्तरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्यांनी गाडी सुरू केली आणि डोंगराचा रस्ता धरला.

चढावर मात्र गंमत झाली. साडूच्या तापट इंजिनाला साधं पेट्रोल काही मानवेना. डब्यात खडे घालून हलवावेत तसा आतून खडखडाट सुरू झाला. गाडी थांबली, दार उघडलं आणि सासरे काठी आपटत खाली उतरले. "मी नाही बसत आता यात!" म्हणत ते सरळ मास्तरांच्या गाडीत येऊन बसले.

मास्तरांना स्वर्ग दोन बोटं उरला! गाडी कण्हत, कुथत, पण न खडखडता चढू लागली.

"काय घालता हो हिच्यात?" सासऱ्यांनी विचारलं.

'भारी' हा शब्द मास्तरांच्या अगदी ओठांवर आला होता. बायको मिटल्या तोंडाने हसत होती.

"साधं," ते म्हणाले. "तेही हिने घातलंय. मला आजच कळलं."

सासरे खो खो हसले. ते हसू ऐकून मास्तरांची भीड चेपली. कितीतरी वर्षं मनात असलेलं त्यांनी विचारून टाकलं. "बाबा, मग माझ्या गाडीत पुन्हा कधीच का बसला नाहीत तुम्ही? लहान आहे म्हणून?"

"गाडीचं काय घेऊन बसलात जावईबापू! तुम्ही चालवताना सारखे आरशातून माझ्याकडे बघता. बाबा खूश आहेत ना, बाबांना आवडलं ना. अहो, आवडता तुम्ही मला, पहिल्या दिवसापासून आवडता! पण समोर बघा की जरा. बाजूला दरी आहे!"

मास्तरांनी दचकून नजर रस्त्यावर आणली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण पुसायला एक हात सोडायची सोय नव्हती. थोड्या वेळाने मागून घोरणं ऐकू येऊ लागलं.

"खरंच झोपले का गं? की सोंग?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"तुम्ही समोर बघा," बायको म्हणाली.