तुझा खुंटा कोण?

सहलीच्या त्या मोठ्या जहाजावर चढणारी तेरा ते सतरा वयाची सगळी पोरं देखरेखीला नेमलेल्या मावशींच्या ताब्यात. ताब्यात आपलं म्हणायला. या वयाची पोरं आरशाखेरीज कुणाच्या ताब्यात असतात? पण पोरांना मोकळं सोडायचं आणि हरवू द्यायचं नाही, ही कला मावशींना साधली होती.

जहाज सुटलं की पोरांना आणि पालकांना समोर बसवून त्या बजावायच्या. एकट्यानं भटकायचं नाही, जोडीनं भटका. कठड्यावर बसायचं नाही. कितीही गट्टी जमली तरी कुणाच्या केबिनमध्ये शिरायचं नाही. आणि प्रत्येकानं आपला खुंटा ठरवायचा. खुंटा म्हणजे एक माणूस. जागा बदलली की फोनवरून त्याला कळवायचं.

"आईबाबा दोघांनाही कळवलं तर?" एखादा शहाणा विचारायचा.

"मग आईला वाटतं बाबांना ठाऊक असेल, बाबांना वाटतं आईला. आणि तू बसतोस लिफ्टमध्ये अडकून. खुंटा एकच. सफर संपेपर्यंत बदलायचा नाही."

"पण पोरगं समुद्रात पडलं तर हो?" एखादे घाबरट बाबा.

"पडायला आधी फोनमधून मान वर काढावी लागेल, साहेब."

हशा पिकायचा. मग मावशी एकेकापाशी जाऊन विचारायच्या, "तुझा खुंटा कोण?" उत्तराशिवाय कुणाला दाराबाहेर सोडत नसत.

मावशींची स्वतःची लेकही याच वयाची. नवरा गेला तेव्हा ती जेमतेम बोबडं बोलायची. मावशींनी जहाजाची नोकरी धरली आणि तिला थोरल्या जावेकडे ठेवलं. तापात रात्री जागणं, दातांची तार, पहिली पाळी, सगळं जावेनं केलं. मावशी सुट्टीवर जायच्या त्या एक माप लहान पडणारे कपडे घेऊन.

यंदा कर्मचाऱ्यांच्या मुलांना एक सफर फुकट मिळाली. मावशी केबिन घासूनपुसून लख्ख करत होत्या.

"मुलगी येतेय की महाराणी?" जहाजावरचा आचारी म्हणाला.

"तुला काय करायचंय, मेल्या? या सफरीत तिला माझी सवय लावते की नाही बघ. आई म्हणून माझ्याकडे धावत आली पाहिजे."

लेक आली, शेवटच्या रांगेत बसली. मावशींनी सगळ्यांना खुंटा विचारला. लेकीपाशी आल्या, तिची बट कानामागे सारली आणि पुढे गेल्या. तिला काय विचारायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक कुठंच दिसेना. फोनवर काही नाही. मावशींनी पोहण्याचा तलाव पाहिला, खेळांची खोली पाहिली, कठड्यावरून वाकून खाली पाण्यात पाहिलं. शेवटी जावेला फोन लावला.

"वहिनी, पोरगी सापडत नाहीये हो."

"अगं, वर सिनेमाला बसलीय. ती कुरळ्या केसांची मैत्रीण आहे बरोबर. संपला की थेट जेवायला येतेय." मग जावेनं विचारलं, "तुला नाही कळवलं?"

"रेंज नसेल," मावशी म्हणाल्या.

जेवताना त्यांनी लेकीला विचारलं, "मला का नाही सांगितलंस गं?"

"काकूला कळवत होते की! एकच खुंटा ठेवायचा, तूच म्हणालीस ना?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, धडा नीट पाठ केल्याचा अभिमान होता.

"बरोबर केलंस," मावशी म्हणाल्या आणि तिच्यापुढे आइस्क्रीमचा मोठा गोळा ठेवला.

"मी गोड नाही खात. काकू बोलली नाही तुला?"

त्यानंतर मावशी जावेला फोन करून लेकीचा ठावठिकाणा विचारू लागल्या.

"मी सांगू का तिला, आईला कळवत जा म्हणून?" जावेनं एकदा विचारलं.

"नको, वहिनी. सांगून नको."

शेवटच्या संध्याकाळी मावशींनी पुन्हा फोन केला. "आत्ता कुठंय?"

"मागच्या डेकवर आहे म्हणे. सूर्य बुडताना बघतेय."

मावशी त्याच डेकच्या काचेच्या दाराआड उभ्या होत्या. पलीकडे लेक एका बाजूला वळून, मान खाली घालून, गालात हसत भराभरा काहीतरी टाइप करत होती. जावेच्या फोनवर टिंग झालं, ते मावशींना ऐकू आलं.

"काय म्हणतेय?" त्यांनी विचारलं. "वाचा ना वहिनी, सगळं वाचा."